दुसऱ्या मजल्यावरची बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. टॉर्चमधली नाही हं मित्रांनो. आमच्या कारागांदा शहरात, खिडकीखाली बसून घर गरम ठेवणाऱ्या बिडाच्या फासळ्यांना बॅटरी म्हणतात. मला सात फासळ्या आहेत आणि अंगावर रंगाचे इतके थर, की माझा खरा रंग मलाच आठवत नाही.

कारखान्यात मला ओतलं आणि या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आणून बसवलं, तेव्हापासून मी जागची हलले नाही. शहराच्या भट्टीतून तळघरात गरम पाणी येतं. तिथून एक उभा पाइप वर चढतो आणि वाटेतल्या माझ्यासारख्या सगळ्यांना ऊब देत जातो. बाहेर उणे तीस असलं तरी माझ्यावर मोजे वाळायचे, संत्र्याच्या साली सुकायच्या. मांजर तर मला आपलीच मालमत्ता समजायची.

माझे मालक झुमाबेक. कोळशाच्या खाणीत जन्म गेला त्यांचा. चौथ्या मजल्यावर लिदिया स्तेपानोव्ना राहायची. ती त्याच खाणीवर दिवे वाटायची, आणि पाळी संपली की सगळे दिवे परत आले का ते बघायची. एक दिवा कमी म्हणजे एक माणूस खालीच. पुढे दोघांचेही जोडीदार गेले. तेव्हा लिदियानेच ठरवलं, की रोज सकाळी सातला पाइपवर चमच्याने दोन ठोके द्यायचे. म्हणजे उठलोय, जिवंत आहे. वरून दोन परत यायचे. तीन आले तर समजायचं, चहाला ये. तेरा वर्षं ते ठोके माझ्या अंगातून गेले. पाण्याइतकीच मला त्यांची सवय झाली होती.

जूनमध्ये वरून उत्तर यायचं थांबलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात झुमाबेक तिला म्हणाले होते, "तुझ्या मुरंब्यात साखर कमी पडते गं लिदिया. थोडी जिभेवर तरी ठेवायचीस." ती उठून गेली होती. झुमाबेकना वाटलं, रुसली. रुसू दे. गुडघे दुखत होते, तेही एक निमित्त मिळालं. ते रोज दोन ठोके द्यायचे, थोडं थांबायचे आणि चमचा खिशात टाकायचे.

डिसेंबरात एका सकाळी मी गार पडले. अगदी दगड. झुमाबेकनी माझ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. दोन दिवस ते कोट घालून झोपले. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला कुआनिश आला. त्याने माझ्या कडेची चावी फिरवून हवा सोडली. फुस्स झालं, पाणी आलं, पण गारच. तळघरात जाऊन बघितलं तर पाइप कढत, व्हॉल्व्ह उघडा. स्वयंपाकघरातली बॅटरी दुसऱ्या पाइपवरची, ती मस्त गरम.

"काका, हवा नाही, गाळ नाही," कुआनिश म्हणाला. "वर कुणीतरी पाण्याचा गळा आवळलाय."

मग त्याची नजर छताकडे गेली. तिथे माझा लोखंडी पाइप संपून पांढरा प्लास्टिकचा सुरू होत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या तिमूरने जूनमध्ये नवी बॅटरी बसवली होती. त्याची माणसं इथे येऊन जोड देऊन गेली, झुमाबेकनीच त्यांना चहा पाजला होता. तोटी लावली, पण तोटी बंद असताना पाणी वर जायला बाजूने पाइप लागतो, तोच ठेवला नव्हता. आणि आता तिमूर तेलविहिरीवर पंधरा दिवसांच्या पाळीला गेला होता. घरात पाणी गळायला नको म्हणून तोटी बंद करून. पुढे वाट नाही म्हणून पाणी वाहायचंच थांबलं, आणि खाली मी गार.

कुआनिश तिमूरच्या आईला फोन लावत होता, किल्ली घेऊन या म्हणून. झुमाबेक मात्र स्टुलावर चढले. खिशातला चमचा काढून त्यांनी प्लास्टिकवर दोन ठोके दिले.

थप. थप.

लोखंडासारखा नाद नाहीच, प्लास्टिकने आवाज तिथेच गिळला. झुमाबेक उतरले आणि जिन्याकडे गेले.

पुढचं मला मागोमाग गेलेल्या कुआनिशच्या बोलण्यातून कळलं. लिदियाने फार वेळाने दार उघडलं. अंगावर कोट, शाल, डोक्याला रुमाल, आणि खोकला थांबत नव्हता. म्हणाली, "आता आठवण झाली होय? जूनपासून वाजवतेय. म्हटलं, बहिरा झाला का मेला."

झुमाबेक म्हणाले, "मीपण वाजवत होतो."

त्याच संध्याकाळी तोटी उघडली. माझ्या फासळ्या एकेक करून तापल्या. पण लिदियाला तोवर दवाखान्यात नेलं होतं. नवव्या दिवशी ती गेली.

तिमूर परत आला तेव्हा मान वर करत नव्हता. त्याने बाजूचा पाइप बसवला, प्लास्टिक काढून पुन्हा लोखंड घातलं. झुमाबेक त्याला रागावले नाहीत. माझ्यावर हात टेकून एवढंच बोलले, "खाणीत खालून ठोका आला नाही तर आम्ही खणायला घ्यायचो, बाळा. आणि इथे मी रुसून बसलो."

ते अजून सातला दोन ठोके देतात. आवाज आता छान वर जातो. वर कुणी नाही.

मित्रांनो, तोटी लावाल तर बाजूने पाण्याला वाट ठेवा. आणि कुणाचं उत्तर यायचं थांबलं तर पाइपवर विसंबू नका. जिना चढा. दोनच मजले असतात.