बाविसावा दिवस

असं समजा, की तुम्ही एका रिकाम्या मैदानाच्या कडेला पोटावर झोपला आहात. डोळे मिटायची गरज नाही. मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? हनुवटी गवताला टेकवा. समोर गोलपोस्टच्या मागे खडी मिसळलेल्या मातीची एक पट्टी आहे. त्या खड्यांमध्ये चार अंडी आहेत. शोधा पाहू. सापडली नाहीत? मलाही पहिल्या दिवशी सापडली नव्हती. मातकट रंग, वर काळे डाग, अगदी खड्यासारखा खडा. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. ती जमिनीत उथळसा खळगा करते, कडेने चार खडे मांडते आणि अंडी त्यात हरवून टाकते. तिच्या तिजोरीला एकच कुलूप असतं: ती कुणाला दिसू नये.

आणखी थोडा वेळ तसेच पडून राहा. ही गोष्ट जमिनीजवळूनच नीट कळते.

मी तेव्हा एका वर्तमानपत्रात खेळांचा बातमीदार होतो. आठवडाभर सामने, आणि रविवारच्या अंकात प्राणी-पक्ष्यांवर एक सदर. ऑफिसात याची भरपूर थट्टा चालायची. आमचे संपादक लेख कापण्यात पटाईत, म्हणून त्यांना सगळे मागून ‘कात्री’ म्हणत. ते मला रोज विचारायचे, “काय रे, काल कोण जिंकलं? बगळे की बेडूक?”

आमच्या धंद्याची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. सामना संपणं आणि पान छापायला जाणं यांत कधीकधी दहा मिनिटंसुद्धा नसतात. मग आम्ही सामना चालू असतानाच बातमीचे दोन शेवट लिहून ठेवतो. एक जिंकल्याचा, एक हरल्याचा. शिट्टी वाजली की खरा ठरला तो ठेवायचा, दुसरा टोपलीत. यात लबाडी नाही, कारण शिट्टी ऐकायला आपण स्वतः तिथे बसलेले असतो. एवढं वाक्य ध्यानात ठेवा.

टिटवीचं पहिलं अंडं मला फुटबॉल क्लबच्या माळ्याने दाखवलं. तीस वर्षं ते मैदान त्यानेच राखलं होतं. गवत कापणं, चुन्याच्या रेघा मारणं, हाताने ओढायचा लोखंडी रोलर फिरवणं, सगळं एकट्याने. ते दिसताच त्याने चार काठ्या ठोकून भोवती दोरी बांधली आणि म्हणाला, “रोलर आता या दोरीच्या अलीकडे. पिल्लं उठून गेली की मग बघू.”

मी त्यावर लिहायला लागलो, दर रविवारी थोडं थोडं. सोबत माझी भाची असायची. ताई आणि ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. भाची नऊ वर्षांची होती आणि तिच्याकडे एक चौकटीची वही होती. पहिलं अंडं दिसलं तो दिवस तिने त्यात लिहिला, मग दुसरं, तिसरं. चौथं अंडं आलं ते पहिल्यानंतर सहा दिवसांनी. मीच तिला समजावलं होतं, “सगळी अंडी घालून झाल्याशिवाय टिटवी नीट उबवायला बसत नाही. म्हणजे चारही पिल्लं एकाच वेळी बाहेर येतात. शेवटच्या अंड्यापासून अठ्ठावीस दिवस मोज.”

एकदा भर दुपारी टिटवी गळक्या नळाखालच्या डबक्यात पोट भिजवून आली आणि अंड्यांवर बसली. गार करायला. भाची मला कोपर मारून कुजबुजली, “मामा, ती ओली चड्डी घालून बसली!” ते वाक्य मी लेखात जसंच्या तसं घातलं. पुढच्या आठवड्यात माझी दाढ काढताना दातांचे डॉक्टर विचारत होते, “मग, चड्डी वाळली का? पिल्लं कधी?” उत्तर द्यायला माझं तोंड मोकळं नव्हतं. लोकांना ती टिटवी घरची वाटायला लागली होती. भाचीच्या बाईंनी तर माझे लेख वर्गाच्या फळ्याशेजारी टाचून ठेवले होते.

आणि मग तो शनिवार आला. दुपारी चारला फुटबॉलचा अंतिम सामना. रविवारचं सदर मात्र बारापर्यंत द्यायचं. सकाळी भाचीला घेऊन मैदानावर जायचं, अंडी पाहायची आणि मग लिहायचं, असं ठरलं होतं. ती पायात चपला घालून, वही काखेत धरून जिन्यात बसली होती. तेवढ्यात फोन आला. कधीही कुणाशी न बोलणारा गोलरक्षक सामन्याआधी पंधरा मिनिटं बोलायला तयार झाला होता.

“उद्या जाऊ,” मी तिला म्हणालो.

“आज म्हणालेलास.”

“उद्या नक्की. अंडी काय पळून जातात?”

गोलरक्षक भेटला, छान बोलला. साडेअकराला कात्रींचा फोन. “पान अडलंय. पाखरांचा निकाल लागला की नाही?”

माझ्या पिशवीत दोन शेवट होते. पिल्लं बाहेर आल्याचा आणि अजून वाट पाहत असल्याचा. सवयच ती. मी बोटांवर दिवस मोजले, घाईत पहिल्या अंड्यापासून मोजले. अठ्ठावीस काल झाले होते. म्हणजे झालंच की! मी जिंकल्याचा शेवट दिला. शिट्टी ऐकायला मी तिथे नव्हतो.

त्यात मी लिहिलं होतं: ‘चारही पिल्लं सुखरूप बाहेर आली आणि आईमागून चालू लागली. खळगा आता रिकामा आहे. पिल्लं काही दिवस जवळच्या गवतात लपून राहतील. जवळ गेलात तर टिटवी ओरडत तुमच्या डोक्यावर झेपावेल. घाबरू नका, ती फक्त पिल्लांना खाली बसायला सांगते आहे.’

ही शेवटची दोन वाक्यं मला आजही झोपू देत नाहीत. कारण ती खरी होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी अगदी खरी.

रविवारी सकाळी माळ्याने पेपर वाचला. गुरुवारी शाळांच्या धावण्याच्या शर्यती होत्या आणि ती पट्टी सपाट करायची राहिली होती. त्याने दोरी सोडली. टिटवी ओरडत अंगावर आली. पेपरात लिहिलंच होतं. पिल्लं पायाखाली येऊ नयेत म्हणून त्याने अर्धा तास हातात काठी घेऊन आजूबाजूचं गवत हळूहळू चाळलं. एकही पिल्लू नाही. खळग्यात मात्र त्याने पाहिलं नाही. रिकाम्या खळग्यात कोण पाहतं? मग त्याने रोलर ओढला.

संध्याकाळी भाची आणि मी पोचलो तेव्हा तो रोलरच्या दांड्यावर बसला होता. समोर त्याचा रुमाल पसरलेला, आणि रुमालावर टरफलांचे तुकडे. टिटवी दूर गोलपोस्टपाशी उभी होती. ओरडत नव्हती. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“मला आवाज आला हो,” माळी म्हणाला. “खडा फुटला म्हणून म्हटलं. परत फिरलो तेव्हा चाकाला ओलं दिसलं.”

“पण काका, पिल्लं तर निघाली होती ना?” भाची म्हणाली.

“पेपरात होतं तसं. पण पेपर काय करणार बाळा, डोळे माझे होते. मीच वाकून बघायला पाहिजे होतं.” मग माझ्याकडे वळून, “साहेब, पाचवं अंडं होतं का हो हे? मागे राहिलेलं?”

मुलांनो, त्याने मला सुटायला दार उघडून दिलं होतं. आणि रुमालावरचे तुकडे एका अंड्याचे नव्हते, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी खाली पाहिलं आणि मूग गिळून उभा राहिलो.

परतताना भाचीने विचारलं, “मामा, तू काल आला होतास ना बघायला? मला सोडून?”

“हो,” मी म्हणालो.

इतकं लहान खोटं मी आयुष्यात बोललो नाही, आणि इतकं जडही नाही.

सोमवारी क्लबच्या सचिवांकडे वाचकांचे फोन सुरू झाले. माळी म्हातारा झाला, त्याला दिसत नाही, पेपरात छापून आलेलं घर त्याने चिरडलं. बुधवारी क्लबच्या बैठकीत त्याला ठेवायचं की काढायचं हे ठरणार होतं. ऑफिसात कात्री म्हणाले, “दोन ओळी टाकू. ‘मैदानावर दुर्दैवी प्रकार.’ पिल्लं आधीच गेली होती, हे मागे राहिलेलं अंडं होतं, असं म्हणू. तू बघितलं होतंस ना?”

“हं,” मी म्हणालो. त्या ‘हं’चा अर्थ त्यांनी हवा तो घेतला. माझ्या मनात मात्र चांदणं पडलं होतं, चोराच्या मनात पडतं तसं. जिन्यात कुणाची पावलं वाजली तरी वाटे, कुणीतरी विचारायला आलं.

विचारायला आली ती भाचीच. मंगळवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने चौकटीची वही उघडून ठेवली. ताई दारात उभी होती.

“मामा, हे बघ. पहिलं अंडं इथे. चौथं इथे. तूच म्हणाला होतास, चौथ्यापासून मोज.” तिने चौकटींवरून बोट सरकवत नेलं. “शुक्रवारी बाविसावा दिवस होता. बाविसाव्या दिवशी पिल्लं येत नाहीत.”

“कधीकधी लवकर...”

“सहा दिवस लवकर? चारही?”

ताई म्हणाली, “बाजारात तुरी, असं काही केलं नाहीस ना तू?”

मी भाचीच्या वहीकडे पाहत राहिलो. प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात काय दिसलं ते लिहिलेलं. ‘ऊन. आई बसली होती. बाबा नळावर.’ शनिवारच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘गेलो नाही.’ रविवारच्या चौकटीत काहीच नव्हतं.

“मी गेलो नव्हतो,” मी म्हणालो. “शनिवारी गेलोच नव्हतो. न बघताच लिहिलं. माळीकाकांनी माझ्यावर विश्वास ठेवला.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती पांढरी पडली. “आमच्या वर्गाने काल क्लबला पत्र लिहिलं,” ती म्हणाली. “ज्यांना अंडी दिसत नाहीत त्यांना मैदान देऊ नका, असं. बाई म्हणाल्या, ज्यांना पटतंय त्यांनीच सही करा. मी सगळ्यात आधी केली.”

नळाचं पाणी थेंबथेंब पडत होतं.

“तू कधी लिहिणार?” तिने विचारलं.

“आत्ता. उद्या सकाळच्या अंकात.”

ती उठली आणि चपला शोधू लागली. ताई म्हणाली, “अगं, आता कुठे?”

“मैदानावर.”

“थांब, मी पण येतो,” मी म्हणालो.

“तू नको. तू तुझं लिही. माझं मी सांगते.”

मैदान दोन गल्ल्या पुढेच होतं आणि अजून उजेड होता. ताई जरा अंतर ठेवून तिच्या मागून गेली.

मी अकरा ओळी लिहिल्या आणि ऑफिसात नेऊन कात्रींच्या हातात दिल्या. त्यांनी सवयीने पेन उघडलं.

“हे छापलं तर तुझं रविवारचं सदर गेलं. माहितेय?”

“माहितेय.”

“आणि रोलर कुणी फिरवला, ते?”

“लिहिलंय. वाचा.”

मी लिहिलं होतं, की रोलर माळ्याने ओढला, पण तो माझ्या वाक्यांवरून चालत आला. खळगा रिकामा आहे, हे न पाहता मी लिहिलं होतं. त्यांनी दोनदा वाचलं आणि पेन बंद केलं. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकही शब्द न कापलेला मजकूर तेवढा एकच.

माळ्याची नोकरी राहिली. माझं सदर दीड वर्ष बंद राहिलं, आणि ते योग्यच होतं. पुढे ते पुन्हा सुरू झालं, मी खेळांवरही लिहीत राहिलो, लोक विसरले. चार अंडी काही परत आली नाहीत. माफीच्या अकरा ओळी एका टरफलाचा तुकडासुद्धा सांधत नाहीत, हे मला तेव्हा कळलं आणि अजून कळतं आहे.

टिटवीने पुन्हा अंडी घातली का, असं तुम्ही विचाराल. मला ठाऊक नाही. मी पाहिलं नाही, म्हणून सांगत नाही.

त्या संध्याकाळी मैदानावर काय झालं तेही मी पाहिलेलं नाही. पण ते माळ्याने मला सांगितलं, आणि तो तिथे होता. तो गुरुवारच्या शर्यतीसाठी रेघा आखत होता. दोरीचं एक टोक खिळ्याला बांधलेलं, आणि माती भुसभुशीत म्हणून तो खिळा सारखा उपटून येत होता. भाची त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून गेली. मामा आला नव्हता, मी सही केली, सगळ्यात आधी केली. माळी पुन्हा खिळा ठोकायला लागला. खिळा पुन्हा निघाला.

तेव्हा तिने वही बाजूला ठेवली, गुडघे टेकून मातीवर बसली, दोरीचं ते टोक दोन्ही हातांनी जमिनीशी घट्ट दाबून धरलं आणि म्हणाली, “ओढा, काका.”