नानासोंचं शून्य

"अंबूबाई, ती बादली तिकडंच ठेव. हितं माजा सत्कार हाय!" वाडीचे पुढारी नानासो मांडवातनंच ओरडले.

"त्याच्यासाठीच आणलीया," अंबूबाई म्हणाली आणि झाकण घट्ट लावलेली बादली घेऊन सरळ पुढं आली.

माणच्या माळावर ऊन चटचटत होतं. मांडवावर फलक होता, ‘लसीची किमया! गाभडलेल्या शेळ्या : शून्य’. हा आकडा नानासोंनी वाडीला विचारून छापला नव्हता, स्वतःच्या मिशीला विचारून छापला होता. फोटोसाठी त्यांची तांबडी शेळी खांबाला बांधली होती.

वर्षापूर्वी मिरजेहून डॉक्टर मयूरी शेळ्यांच्या तापावरची लस टोचायला आली होती; आज ती मोजणीची वही घेऊन मांडवात होती. हा ताप शेळ्यांना गाभडवतो, म्हणजे अवेळी करडू टाकायला लावतो, आणि त्यांचं बाळंतपण करणाऱ्या माणसाच्या सांध्यांत जाऊन बसतो. जुनी लस ताप थांबवायची, पण गाभण शेळीला टोचली तर तीच गाभडायची. नवी तशी नव्हती म्हणे. खरं-खोटं गाभडलेल्या शेळ्या मोजूनच कळणार होतं. अंबूबाईचा मुलगा जयराज उघड्या हातानं अडलेली शेळी सोडवायला गेला आणि आजारी पडला. सैन्यभरतीसाठी पळणारा गडी आता तांब्या उचलताना कण्हत होता. शेळ्यांचं बाळंतपण आता त्याची धाकटी बहीण सृष्टी करत होती. लस कुचकामी निघाली तर उद्या तीही आडवी होणार, एवढं अंबूबाईला कळत होतं. नानासोंना हार कळत होता.

मयूरीनं हातमोजे चढवून झाकण काढलं. बर्फात, दोन पिशव्यांत बांधलेलं, केसही न आलेलं करडू.

"कधी टाकलं?"

"आज पहाटं. तुमी दिल्यालं मोजं घालूनच उचाललं."

"वाडीचं नाव घालवलंस!" नानासो फिसकारले. "तुज्याच गोठ्यात घाण आसंल."

"आसंल की. पर मी झाकत न्हाई. तुमची ही तांबडी गाभण हुती न्हवं? पोट तर पाठीला लागलंय. करडू कुठाय?"

"इकलं. गेल्या बाजारात."

मयूरीनं वहीची पानं उलटली. "नानासाहेब, हिची तारीख पुढच्या महिन्याची आहे. पोटातलंच विकलंत का?"

मांडवात हशा पिकला. नानासोंनी उपरणं सारखं केलं, मग पुन्हा सारखं केलं.

"मंजी नवी लस वाया गेली व्हय, बाई?" अंबूबाईनं विचारलं.

"माहीत नाही. अर्ध्या शेळ्यांना नवी टोचलीय, अर्ध्यांना जुनी. कुणाला कोणती, ते मलाही सांगितलेलं नाही. सगळ्यांनी खरं सांगितलं तरच कळेल."

अंबूबाई मांडवाकडं वळली. "ऐकलंसा? आपापल्या उकिरड्यात काय पुरलंय ते समद्यास्नी म्हाईत हाय. हे शून्य काय तुमच्या पोरांचा ताप काढणार न्हाई. का नानासोंच्या फोटोसाठी पोरं अंथरुणाला खिळवायची?"

नानासोंचा पुतण्या नाथाजी हार धरून त्यांच्या शेजारी उभा होता. त्यानं एकदा चुलत्याकडं पाहिलं, एकदा बादलीकडं.

"लिवा बाई. आमच्याबी दोन गाभडल्या," तो म्हणाला आणि हातातला हार खांबाशी टाकला.

तांबडीनं लगेच झेंडूला तोंड लावलं.