शेपटीवाली कोलंबी

पंच्याऐंशी सालच्या चैत्रातली सकाळ. मिरकरवाड्याच्या शेडमध्ये कोलंबीचा ढीग पडला, तशी चिमा पाट घेऊन सोलायला बसली. डोकं मोडायचं, साल उतरवायची, काळा दोरा ओढायचा, पण शेपटी राखायची; परदेशातल्या गिऱ्हाइकाला ती लागते. अकरा वर्षांच्या सवयीने ती घरच्या कालवणातल्या कोलंबीचीही शेपटी राखायची आणि नवरा जेवताना थू थू करत बसायचा.

तेवढ्यात मुकादम हसनभाई आले. "चिमाबाय, आज शेपटी काढ. माल इथल्याच बाजारात जाणार. उद्यापासून शेड बंद."

"का? कोलंबी नासली?"

"कोलंबीला काय धाड भरलीय! माल घेणाऱ्या देशात निवडणूक आलीय. बाहेरच्या स्वस्त मालाने आमचं पोट मारलं, म्हणून तिथले कोळी ओरडले. सरकारला त्यांची मतं हवीत. आपल्या मालावर असा कर बसवलाय, की आता तो कोण घेणार?"

चिमाने हातातल्या कोलंबीची शेपटी मोडली. चिरलेली बोटं चुरचुरत होती. हात धुवायला ती उठली, कोपऱ्यातल्या कोरड्या नळाकडे तिने पाहिलं, आणि विहिरीपर्यंतची चढण आठवून पुन्हा खाली बसली.

"तिथले कोळी एकदा ओरडले, तर इथली शेड बंद झाली," ती म्हणाली. "आणि आम्ही तीन निवडणुका ओरडतोय, भाई, तर हा नळ काय चालू झाला नाय."