सोंगाची आतली बाजू

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. उठता-बसता ज्याच्यावर ओरडायचं, त्याच्यावर नावाशिवाय ओरडणार कसं? तर आमचा पुंजाजी दुसरबीडला गणपती, पोळ्याचे मातीचे बैल आणि जत्रेची सोंगं करायचा. सोंग म्हणजे कागदाच्या लगद्याचा मुखवटा. तो तोंडावर बांधला की कालपर्यंत वांगी विकणारा माणूस देव होतो आणि लोक त्याच्या पाया पडतात. माझाही त्यावर विश्वास आहे; पण चिकटवायची खळ मीच शिजवते, म्हणून जरा कमी आहे.

वैशाखात नरसिंहाची जयंती तोंडावर आली असताना बीबी गावची तानुबाई माळीण टोपलीत असंच एक सोंग घेऊन आली. तिच्या सासरचा मान होता तो. जत्रेत नरसिंह नाचायचा तो त्यांच्याच घरचा. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या घराचं मातीचं धाबं गळलं आणि नेमकं देवावर गळलं. वऱ्हाड निजामाचं, राज्य इंग्रजाचं, कारभार नागपूरचा. पण पावसावर तिघांपैकी कोणाचाच हुकूम चालत नव्हता. टोपली उघडली तर नरसिंहाचं नाक लोंबलेलं, जबडा सुटलेला, आयाळ गळालेली. सिंह कसला, पडसं झालेलं म्हातारं मांजर.

"बाहीरून काय करायचं ते करा," तानुबाई पुंजाजीला म्हणाली, "पण आतून हात लावू नका."

"आतून बुरशी आली ना बाई. वास येऊन राह्यला. घासावंच लागन."

"नाही म्हंजे नाही!"

मग माझ्याकडे वळून तिनं हळूच सांगितलं. तिचा नवरा रंगराव जाऊन तीन वर्षं झाली होती; तेव्हापासून सोंग नुसतं पूजेला निघायचं, कोणी तोंडाला लावलं नव्हतं. तो जन्मभर हेच सोंग लावून नाचला. घामानं आतला कागद मऊ पडायचा आणि त्याच्या तोंडाचा ठसा घ्यायचा. "मले आता त्यायचा चेहरा आठवत नाही वं मंजुळा," ती म्हणाली. "आवाज आठवते, चालणं आठवते. डोळे मिटले का पागोट्याखाली काहीच दिसत नाही. जे काही उरलं हाये ते या सोंगात."

फोटो नव्हता. फोटोनं आयुष्य घटतं म्हणून रंगराव खामगावात फोटोवाल्याच्या दुकानाला वळसा घालून जायचा. न काढताच घटलं.

आतून हात लावू देणार नाही, असं मी तिला सांगितलं. पण पुंजाजीचे हात शिवशिवत होते. तानुबाई दाराबाहेर पडते न पडते तोच त्यानं सुरी उचलली. मी ती हिसकावली.

"काऊन वं?"

"तिचा नवरा हाये त्याच्यात."

"त्याच्यात बुरशी हाये."

"तुमच्यातबी हाये. म्या कधी घासलं का?"

आता आत हात न लावता सोंग सरळ करायचं कसं? मागून टेकू नसला तर समोरून चिकटवलेला ओला कागद आत बसतो. पुंजाजी बिडी ओढत सोंगाकडे पाहत बसला. शेवटी मीच म्हणाले, आतून राख भुरभुरवा, म्हणजे चिकटणार नाही, आणि घट्ट माती भरा. टेकू होईल आणि ठसाही मोडणार नाही. पुढे बाजारात ही युक्ती त्यानं स्वतःची म्हणून सांगितली. सांगू दे. आमच्या घरात डोकं कोणाचं चालतं ते गावाला माहीत आहे.

समोरून कागद चढले, रंग चढला, आयाळ आली, दात आले. नरसिंह असा उग्र झाला की आमची शेळी दूध देईना. वाळता वाळता आतली माती आकसली, आणि पुंजाजीनं सोंग अलगद उचललं तेव्हा ती अख्खी सुटून पाटावर राहिली. पाटावर माणसाचं तोंड होतं.

तानुबाई सोंग न्यायला आली, पण सोंगाकडे तिनं पाहिलंही नाही. पाटासमोर बसली, वाकली, आणि एकदम दोन्ही हातांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

"अवं माय! हे तं मामाजी!"

तिचा सासरा. रंगरावाच्या आधी हेच सोंग लावून बाप नाचायचा, हे आम्हा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. रुंद कपाळ, जाड भुवया, फेंदारलेलं नाक, सगळं म्हाताऱ्याचं. तानुबाईनं सासऱ्यासमोर कधी मान वर केली नव्हती. पण आम्ही बाया पदराआडून काय काय पाहून ठेवतो ते पुरुषांना कळलं, तर ते पदराची चालच बंद करतील.

"म्हंजे हे नाहीतच का याच्यात?" तिनं मला विचारलं.

मी वाकून पाहिलं. नाकाखालचा भाग निराळा होता. हनुवटी निमुळती, ओठ जरा कलता, आणि डाव्या गालात सुपारीएवढा फुगवटा. "खाली पाह्य ना तानुबाई. गालाकडं."

तिनं पदर इवलासा उचलला. "तंबाखू," ती म्हणाली. "मेल्यानं देव होऊनबी तंबाखू सोडली नाही!"

मग तिनंच सांगितलं तेव्हा सगळं कळलं. रंगरावाचं कपाळ लहान, म्हणून तो वर चिंध्या कोंबून सोंग बांधायचा. वर बाप तसाच राहिला आणि खाली मुलगा उमटला. सारं गाव पायांवर डोकं ठेवत होतं तेव्हा देव तंबाखू चघळत होता. तानुबाई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पण वर सासरा होता, म्हणून पदर काढता येईना, आणि पदरामुळे नवरा धड दिसेना. सासऱ्याला हातानं झाकावं, तर सुनेनं सासऱ्याच्या तोंडाला हात लावायचा कसा? मातीचा झाला म्हणून काय झालं, सासरा तो सासराच.

"मंजुळा," ती पदराआडून म्हणाली, "तू झाक वं. तुहे तं ते कोणी लागत नाही."

पुंजाजीला मी बाहेर हाकललं. मग बीबीच्या त्या मानकऱ्याच्या कपाळावर, डोळ्यांवर, नाकावर माझा पंजा पसरून ठेवला. तानुबाईनं पदर मागे सारला, पुढे सरकली आणि पाहत बसली. माझा हात भरून आला, मुंग्या आल्या. पण तिचं पाहून होईपर्यंत मी तो उचलला नाही.