पोचपावत्या

“एकशे वीस जणांना प्रश्नावली पाठवलीत,” निधी देणाऱ्या संस्थेच्या बाई फाइल मिटत म्हणाल्या. “भरून आल्या नऊ.”

वकीलबाईंनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. घर खाली करायची नोटीस हातात घेऊन येणाऱ्यांचे खटले त्या या दोन खोल्यांतून अकरा वर्षं फुकट लढत होत्या. त्यातून लोकांचं काय भलं झालं ते आकड्यांत दाखवता आलं नाही, तर पुढच्या महिन्यात दाराला कुलूप लागणार होतं.

“लोकांना लिहायचा कंटाळा हो,” कारकून म्हणाली. “सही करतानासुद्धा पेन असं धरतात, जसा काही विंचूच.”

कुणी हसलं नाही. टेबलाखाली तिची दोन वर्षांची लेक मात्र खिदळली. पाळणाघर बंद म्हणून ती आईबरोबर आली होती आणि बिस्किटांच्या डब्यातली कार्डं एकेक करून पाहुण्या बाईंच्या पावलांवर रचत होती.

“ठकूबाई, पुरे हं.” कारकून ओशाळून वाकली. “माफ करा मॅडम. रद्दीच आहे, खेळायला दिली तिला.”

बाईंनी एक कार्ड उचललं. “कसली ही?”

“पोचपावत्या. प्रश्नावल्या रजिस्टरने पाठवल्या ना, त्यांच्या. पाकीट ज्याच्या नावाचं, त्याची नुसती सही. उत्तर काही नसतं त्यात.”

“पत्ते कुठले घातले होते?”

“फाइलीतलेच. ज्या घरासाठी खटला होता, तेच.”

बाईंनी कार्डावरची तारीख पाहिली. मागच्या महिन्यातली. मग फाइल उघडून खटल्याचं साल पाहिलं. चार वर्षं झाली होती.

“म्हणजे ही माणसं अजून त्याच घरात आहेत.”

बाई खुर्चीवरून उठल्या आणि सरळ फरशीवर बसल्या.

“किती आहेत?”

“मोजल्याच नाहीत हो.”

“मग मोजू या.”

वकीलबाईही गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. सह्या वाचता वाचता त्यांना माणसं आठवत गेली. ही शिवणवाली. हा बहिरा सुतार, तारखेला नेहमी तासभर आधी यायचा. एका सहीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘वकीलबाईंना सांगा, इथंच आहोत.’ ते कार्ड त्यांनी बराच वेळ खाली ठेवलं नाही.

शेवटचं कार्ड ठकूबाईने छातीशी घट्ट धरलं होतं. तिच्या आईने हात पुढे केला.

“राहू दे तिच्याकडे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फाइलीतलं त्र्याण्णव खोडून चौऱ्याण्णव लिहिलं.