दाखवण्याजोगे दिवस

सकाळचे सात वाजायच्या आत भिंगरीने अकरा पुस्तकांची शिलाई उरकली होती. बाइंडर कारखान्याचे दार उघडून आत आला, तेव्हा टेबलावर पुस्तके ओळीने रचलेली होती आणि त्याची मुलगी खळीचे भांडे घासता घासता गुणगुणत होती. रात्रभरात ती जेमतेम तीन तास झोपली होती, पण चेहऱ्यावर थकव्याचा मागमूस नव्हता. टाके दृष्ट लागावी असे सरळ होते. त्याने एक पुस्तक चाळले. बत्तिसाव्या पानानंतर एकशे तेरावे पान आले. दुसऱ्यातही फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, असेच उलटसुलट लागले होते. त्याने अकराही पुस्तके कापडाखाली सरकवली. दुपारी कोणाचे लक्ष नसताना तो ती उसवणार होता. गेले चार दिवस तो हेच करत होता.

"बाबा, मी पत्रं लिहिलीत. चाळीस. सगळ्या ग्रंथालयांना," ती म्हणाली. "म्हटलं, तुमची फाटकी पुस्तकं आमच्याकडे पाठवा."

"चाळीस? कधी लिहिलीस?"

"तुम्ही घोरत होतात तेव्हा."

ती हसत जिन्याकडे धावली आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली. बाइंडरच्या हातातले दाभण तसेच राहिले. ही पावले त्याच्या ओळखीची होती. तीस वर्षांपूर्वी याच जिन्यावर त्याच्या बहिणीची पावले अशीच वाजत.

बहिणीच्या मनाला भरती-ओहोटी होती. भरतीत ती दहा जणींचे काम करी, बोलण्याने माणसे बांधून ठेवी. ओहोटीत तिला स्वतःची वेणीही घालवत नसे. थोरल्या भावाने त्यातून तोडगा काढला होता, की पाहुण्यांना भरतीतच बोलवायचे. पाहुणे आले, भाळले, महिन्याभरात लग्न लागले. पाचव्या महिन्यात तिला एका ट्रंकेसह दारात आणून सोडले गेले. "फसवलंत आम्हाला," एवढेच तिचे सासरे म्हणाले. पुढची दोन वर्षे ती वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून राहिली, आणि मग गेली. कशाने गेली, हे या घरात कोणी उच्चारत नाही. पाहण्याच्या दिवशी खुर्च्या मांडणारा वीस वर्षांचा बाइंडर सारे जाणत होता. तो गप्प राहिला होता.

भिंगरीच्या बाबतीत निदान आजाराला नाव तरी मिळाले होते. दोन वर्षांपूर्वी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावले होते, की याला हायपोमेनिया म्हणतात, सौम्य उन्माद. साधा ताप आला तर घर घाबरते. हा ताप आला की घर खूश होते, कारण तो लोकांना गुण वाटतो. मग तो उतरतो, तेव्हा माणसाला खोल घेऊन जातो. त्यांनी गोळ्या दिल्या, झोपेची वेळ बांधून दिली, संध्याकाळचे चालणे सांगितले आणि श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवले. दोन वर्षे बरी गेली.

तीन आठवड्यांपूर्वी थोरले भाऊ स्थळ घेऊन आले. गोळ्यांनी भिंगरीचे हात किंचित थरथरत. पाहुण्यांपुढे कपबशी वाजली तर सगळेच मुसळ केरात, असे थोरल्यांचे म्हणणे पडले. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद झाल्या. श्वासाचा वर्ग मात्र चालू ठेवायचा, तेही औषधच की, असे ठरले. भिंगरीच्या आईने पदर डोळ्याला लावून होकार दिला आणि बाइंडरने मान हलवली. आता मुलगी अशी उजळलेली पाहून थोरल्यांनी रविवार पक्का केला.

शनिवारी सकाळी श्वासाच्या बाई कारखान्यात आल्या. वर्गात भिंगरी दोन मिनिटेही डोळे मिटून बसत नाही, मध्येच उठून इतरांनाच शिकवू लागते, असे त्यांनी सांगितले.

"गोळ्या चालू आहेत ना?"

बाइंडर पुठ्ठ्याची कड बोटाने दाबत राहिला. मग त्याने खरे सांगून टाकले.

"भाऊ, नुसत्या श्वासानं हे सावरलं असतं, तर मी स्वतः सोळा वर्षं गोळ्या घेतल्या नसत्या," बाई म्हणाल्या. "माझं शिकवणं औषधाच्या शेजारी बसतं. त्याच्या खुर्चीत नाही बसत."

त्या दोघांनी मिळून भिंगरीला कसेबसे डॉक्टरांकडे नेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण गुण यायला दिवस लागणार होते, आणि रविवार उद्यावर होता. पाहणे पुढे ढकला, अशी त्याने घरी विनवणी केली. थोरल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

पाहुणे आले. भिंगरीने मुलाच्या वडिलांना हसवून हसवून खोकला आणला. मुलाच्या आईने तिचा हात हातात घेतला. वरच्या खोलीत कोणी नव्हते, तरी कोणी तरी कान देऊन ऐकत आहे असे बाइंडरला सारखे वाटत होते.

"इतकी हसरी मुलगी शोधून सापडत नाही," मुलाची आई म्हणाली.

"आमची बाराही महिने अशीच असते," थोरले म्हणाले.

"नाही."

आवाज आपलाच आहे, हे बाइंडरला क्षणभराने कळले. तो उभा राहिला. भिंगरीकडे न पाहता त्याने आजाराचे नाव सांगितले, गोळ्यांचे सांगितले, आणि आपल्या बहिणीचेही सांगितले. "औषध, झोप, माया, सगळं नीट मिळालं तर ती छान राहते. पण हे माहीत असूनही ज्याला ती हवी असेल, त्यानंच न्यावी. तोवर ती माझ्या घरी आहे."

पाहुण्यांनी चहा संपवला, हीच त्यांची सभ्यता. ते गेल्यावर थोरल्यांनी त्याला घराचा वैरी म्हटले आणि तेही गेले. आई देवासमोर बसून राहिली.

"मी किती छान बोलत होते," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला बघवलं नाही." मग कित्येक दिवस ती बापाशी बोलली नाही. पण गोळी घेतली. श्वासाच्या बाई रोज येऊन शेजारी बसत, म्हणून घेतली.

तिसऱ्या आठवड्यात एकदा ती नऊ वाजेपर्यंत झोपली. खाली आली तेव्हा एकेक पायरी उतरत आली. समोर बसून तिने एक फर्मा घेतला, पानांचे आकडे दोनदा तपासले आणि संथपणे दोरा ओवला. हात किंचित थरथरत होता.

"बाबा, ते लोक परत नाही येणार ना?"

"नाही, बाळ."

"मुलाच्या आईनं माझा हात धरला होता." ती थांबली. "त्यांना मी आवडले होते, की ती, त्या दिवशीची?"

बाइंडरने दाभण खाली ठेवले. तीस वर्षांत या घराला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जिने विचारायचा, ती बहीण उरलीच नव्हती.