जिन्यातली मंडळी

रविवारी सकाळी दहा वाजता नव्या ख्रिस्ती मंडळीची पहिली उपासना सुरू व्हायची होती. दहाला पाच कमी असताना पाळकाची आई जिन्याच्या पायथ्याशी उभी होती आणि मंडळी दुसऱ्या मजल्यावर होती.

पाळक म्हणजे धाकटा. थोरला भाऊ तीन गल्ल्या पलीकडच्या जुन्या मंडळीचा पाळक. त्याचे संदेश, म्हणजे उपासनेतली प्रवचनं, लांबतात, लोक पेंगतात, म्हणून धाकट्याने वेगळी चूल मांडली होती. पंधरा मिनिटांच्या वर बोलायचं नाही, हे नव्या मंडळीचं पहिलं तत्त्व. बाकीची तत्त्वं जुनीच होती.

सल्ला आरंभवाल्या काकांचा. या निवृत्त पाळकाने आयुष्यात सात मंडळ्या सुरू केल्या होत्या. त्यांतल्या किती चालू आहेत, हे धाकट्याने विचारलं नव्हतं. काका आरंभाचे जाणकार होते. त्यांनी सांगितलं, खुर्च्या नेहमी कमी मांडाव्यात, म्हणजे आठ माणसांचीही गर्दी दिसते. जागा उंचावर घ्यावी, म्हणजे गाणं रस्त्यापर्यंत जातं. "आणि पहिल्या दिवशी आई पहिल्या रांगेत हवी. तीच नाही आली तर लोक म्हणतील, दिव्याखाली अंधार."

हे शेवटचं धाकट्याच्या मनाला लागलं. आई राहायची थोरल्याकडे. जुन्या मंडळीत गीत उचलायची तीच. ती आजारी पडली की गाणं रांगायला लागे. ती आली तर नवी मंडळी उभी राहणार, नाहीतर भाड्याची खोली आणि थोडा उत्साह एवढंच उरणार होतं.

खोली घेतली तेव्हा बायकोने विचारलं होतं, "आणि आई जिना चढणार कशा?"

"विश्वासाने डोंगर हलतो."

"डोंगराचं काय हो, हलेल. आईंचे गुडघे हलले पाहिजेत."

आई आली ती थोरल्याच्या गाडीतून. "सोडतो आणि पळतो," तो म्हणाला, "माझे लोक येऊन बसलेत." मग त्याने जिन्याकडे पाहिलं. "अरे, हिला वर नेणार कशी?"

धाकटा धावत वर गेला आणि पहिल्या रांगेतली हातांची खुर्ची घेऊन खाली आला. एक खुर्ची कमी झाल्याने खोली लगेच जास्त भरलेली दिसू लागली. काकांचं बरोबर होतं.

"दादा, जरा हात लाव."

थोरल्याने खालची बाजू धरली, धाकट्याने वरची. मध्ये आई, मांडीवर गीतांचं पुस्तक. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, रविवारचा बंद; दाराशेजारच्या काचेच्या कपाटात प्लास्टरची बत्तिशी हसत होती. तिथवर थोरल्याला धाप लागली.

"तळमजला मिळाला नाही तुला?"

"तुझी मंडळी आहे ना तळमजल्यावर. काय उपयोग? लोक घोरतात."

"घोरणारे निदान येतात तरी!"

"खुर्ची कलतेय," आई म्हणाली. "मला आधी खाली ठेवा, मग भांडा."

ठेवली. मग भांडले. थोडक्यात बोलण्याचं महत्त्व धाकट्याने समजावून सांगायला घेतलं. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, दुसऱ्याचे तीन पोटमुद्दे. थोरल्याने मध्ये एकदा जांभई दिली.

"पंधरा मिनिटं केव्हाच झाली रे," आई म्हणाली.

तोवर वरचे लोक आपला पाळक शोधत उतरले आणि वरच्या पायऱ्यांवर बसले. जुन्या मंडळीतले आपला पाळक शोधत आले आणि खालच्या पायऱ्यांवर टेकले. त्यांचं गाणंही अडलं होतं. आरंभवाले काका कठड्याला धरून उतरले, वर-खाली नजर टाकली आणि धाकट्याच्या कानात म्हणाले, "गर्दी छान दिसतेय. खुर्ची एकच ठेव."

आईने पुस्तक उघडलं. नवऱ्याला माती देताना म्हटलेलं गीत काढलं आणि उचललं. जिन्याने आवाज असा उचलून धरला की रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून थांबला. सहा महिने एकमेकांच्या प्रार्थनेला आमेन न म्हणणारे दोघे भाऊ एका सुरात गायले, म्हणजे दोघेही सारखेच बेसूर. आई पहिल्या रांगेत बसलीय, हे धाकट्याने गाता गाता पाहिलं. फक्त रांग कोणाची, हे त्याला कळेना.

गीत संपलं.

"आता संदेश कोण देणार?" आईने विचारलं.

दोघांनी एकदम घसा खाकरला.

"मग मला आधी कुठेतरी न्या बाबांनो. जिन्यात वारा लागतो."

"वर," धाकटा म्हणाला. "खाली," थोरला म्हणाला. दोघांनी आपापल्या बाजूने खुर्ची धरली.

"अहो, आईंनाच विचारा की," धाकट्याची बायको म्हणाली.

विचारलं. आई पुस्तकाची पानं उलटत राहिली.

सव्वाअकरा वाजता खुर्ची दवाखान्यासमोरच होती. थोरल्याचे हात खालच्या बाजूला, धाकट्याचे वरच्या. आईने पुढचं गीत उचललं होतं.